सोलापूरचे कोटणीस, चीनचे के दीहुआ
इंदूरच्या राजेंद्र नगरातलं कुणी चीनला शिकवायला किंवा फिरायला निघालं असेल, तर बीजिंगजवळची ती भिंत बघून झाली की शिजियाझुआंगलाही जरूर जा. तिथल्या शहीद स्मारकात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची, म्हणजेच चिनी लोकांच्या के दीहुआंची, समाधी आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले; नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. कोटणीसांची रुग्णसेवा सगळ्यांना ठाऊक, पण ते मास्तरही होते, हे फारसं कुणी सांगत नाही. बेथ्यून वैद्यकीय शाळेत ते शस्त्रक्रिया शिकवत, आणि तीही चक्क चिनी भाषेतून! (आपलं इंदुरी हिंदी अजून मराठीतच अडकतं.) त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी कोटणीस गेले, तेव्हा यिनहुआ जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.