बिशपसाहेब, वाढ नेमकी कशाची मोजणार?

नवा बिशप गादीवर बसला की नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्तीत लग्नघरासारखी गडबड उडते. मिशन कंपाउंडात मांडव पडतो. हलगी वाजते, पोरी लेझीम खेळतात, आयाबाया औक्षण करतात. हातात मेंढपाळाची काठी आणि डोक्यावर उंच मुकुट घेतलेले बिशपसाहेब बोलायला उभे राहतात आणि पहिल्याच भाषणात एक वाक्य ठरलेले असते : मंडळी वाढली पाहिजे. टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या मांडवात बसलेले साळवे, गायकवाड, भोसले, शिंदे हे आमच्याच भावकीतले लोक. त्यांच्या आणि आमच्या आजोबांची घरे एकाच महारवाड्यात भिंतीला भिंत लावून उभी होती. म्हणूनच त्यांच्या बिशपाला एक प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हाला पोहोचतो, असे आम्ही समजतो. साहेब, वाढ म्हणजे नेमकी कशाची वाढ?

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ करतो. धर्मांतराच्या नावाने गळा काढणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे नाही. आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क बाबासाहेबांच्या संविधानाने २५ व्या कलमात प्रत्येकाला दिला आहे. ज्यांच्या बापजाद्यांनी येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची गर्जना ऐकली आणि नागपूरला बुद्धाला शरण जाऊन ती खरी केली, त्यांनी दुसऱ्याच्या धर्मांतराला गुन्हा कसे म्हणावे? आमचे भांडण धर्मांतराशी नाही. धर्मांतरानंतर माणसाचे काय होते, याचा हिशेब आम्ही मागतो आहोत.

त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९२९ साली मुंबईच्या अँग्लिकन धर्मप्रांतातून नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि नगर जिल्हा त्यात आला. पहिले बिशप झाले फिलिप हेन्री लॉइड. इंग्लंडात पुरोहितांच्या विद्यालयात शिकवणारा हा माणूस १९१५ साली हिंदुस्थानात आला आणि पोहोचला कुठे, तर मिरीला. आजच्या पाथर्डी तालुक्यातले हे गाव. पावसाच्या भरवशावर जगणारा, वर्षाआड दुष्काळ भोगणारा मुलूख. पुढे लॉइड नगरला आले, मुंबईचे सहायक बिशप झाले आणि मग नाशिकचे बिशप. म्हणजे महारवाडा न पाहता थेट बंगल्यात उतरलेला हा साहेब नव्हता. मिरीची धूळ त्यांच्या पायाला लागली होती.

त्यांच्या हाती आलेला वारसाही लहान नव्हता. नाशिकजवळच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिशनने वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडली जात, त्यातून सुटलेल्या आफ्रिकन मुलामुलींना या शरणपुरात आणून शिकवले जाई, सुतारकाम-लोहारकाम दिले जाई. त्यांतले काही जण डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले, काहींनी १८७५ साली मोंबासाजवळच्या फ्रीअरटाऊनमध्ये सुटलेल्या गुलामांची नवी वसाहत उभी केली. इकडे १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. ज्या धर्मप्रांताच्या मातीत गुलामाच्या पायातली बेडी तुटली, त्याच्याकडून जातीची बेडी तोडण्याची अपेक्षा केली, तर त्यात जास्तीचे काय मागितले?

नगरला मिशन आले ते १८३१ साली. अमेरिकन मराठी मिशन आधी आले, अँग्लिकनांची एस.पी.जी. १८७० नंतरच्या दशकात आली. नगरमधल्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहूनच जोतीरावांच्या मनात पुण्यात शाळा काढण्याचे पक्के झाले. ही कृतज्ञता आम्ही कधी लपवली नाही, लपवणारही नाही. ज्या काळात महाराच्या पोराची सावली पंतोजीला चालत नव्हती, त्या काळात मिशनच्या शाळेने त्याच्या हातात पाटी दिली.

१८७६-७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर मंडळीचे आकडे फुगले. यावरून 'पोटासाठी बाटले' असा टोमणा शंभर वर्षे मारला जातो. मारणारे कोण? ज्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या ते! भुकेल्या माणसाला धान्य न देणारा धर्म मोठा आणि देणाऱ्याकडे जाणारा माणूस खोटा, हा कुठला न्याय? शिवाय महारवाडा नुसता भाकरीसाठी गेला नाही. त्याला शाळा हवी होती, पाटलापुढे ताठ उभे राहता येईल असे पाठबळ हवे होते, मेलेले ढोर ओढण्याचा जाच संपवायचा होता. महारवाड्याने चर्चचा दरवाजा ठोठावला तो माणुसकीसाठी.

दरवाजा उघडला. पण आतल्या घरात काय होते? मिशनच्या इतिहासाची पाने चाळा. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर त्याचे चरित्र लिहिले गेले, महार-मांग ख्रिस्ती झाला तर त्याचा आकडा लिहिला गेला. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने नगरच्या वस्तीवस्तीत गायली जातात, त्यांच्या योग्यतेबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ज्या हजारोंनी ती भजने हलगीच्या तालावर गावोगाव पोहोचवली, त्यांची नावे कुठे आहेत? आणि महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती हा भेद बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतला गेला का? एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे लोक सोयरीक जमवताना वेगळ्या वाटेने जातात, हे नगरच्या कोणत्याही ख्रिस्ती माणसाला विचारा. तो मान खाली घालेल, नाही म्हणणार नाही.

आता लॉइडसाहेबांच्या पहिल्या सहा वर्षांकडे पाहू. १९२९ साली ते बिशप झाले. ज्या शहराचे नाव त्यांच्या पदाला लागले, त्याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्यामागे हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष रस्त्यावर उतरले. पुढे काही वर्षे हा लढा चालला. देवळाचे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी सांगितले, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. येवलाही याच नाशिक जिल्ह्यात. शंभर वर्षे मिशन ज्या माणसाची वाट पाहत होते, तो माणूस हजारोंच्या संख्येने हिंदू धर्माच्या बाहेर पडायला निघाला होता. मुंबईच्या मेथॉडिस्ट चर्चचे बिशप बॅडले यांनी त्या घोषणेचे स्वागतही केले. मग हा माणूस चर्चमध्ये का गेला नाही?

याचे उत्तर बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी जे लिहिले, ते त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आहे. प्रत्येक पाळकाने आणि प्रत्येक बौद्धाने ते वाचावे. सुशिक्षित ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध बोलत नाही, त्याचा आवाज देशाच्या राजकारणात ऐकू येत नाही, चर्चमध्ये जात टिकून आहे, मिशनचा शिक्षणावरचा खर्च वरच्या जातींच्या मुलांच्या कामी आला, हे त्यांनी परखडपणे मांडले. आणि त्याहून खोल घाव घातला तो असा : हिंदू असताना अस्पृश्याला शिकवले की तुझी अवस्था तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्मामुळे आहे. ख्रिस्ती झाल्यावर शिकवले की माणूस आदिपापामुळे पडला आहे. दोन्हीकडे दोष त्याचाच! त्याला गावकुसाबाहेर ज्यांनी ठेवले, ते दोन्ही हिशेबांतून निर्दोष सुटले. मग लढायचे कुणाशी? १९३८ च्या आरंभी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलतानाही बाबासाहेबांनी ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाबद्दल आदर व्यक्त केला, पण समाजाच्या उणिवा तोंडावर सांगितल्या. हितचिंतक असाच बोलतो.

चर्चमध्ये वेगळा मार्ग शोधणारे कुणीच नव्हते, असे नाही. १९१२ साली पहिले हिंदी अँग्लिकन बिशप झालेले व्ही. एस. अझरिया तेलुगू मुलखातल्या दोर्नकलला गेले. तिथे माला-मादिगांच्या वस्त्यांमधून त्यांचे चर्च वाढले. नव्या ख्रिस्ती माणसाने परदेशी मिशनऱ्याच्या तोंडाकडे न पाहता स्वतःच उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा नगरमधले 'अमेरिकन मिशनवाले' आणि 'एस.पी.जी.वाले' एका छपराखाली आले. पंथाची भिंत पडली, ही चांगली गोष्ट झाली. म्हणजे मनात आणले तर भिंती पाडता येतात. मग जातीचीच भिंत का उभी राहते?

आणि आता आमच्या माणसांकडे वळतो, कारण दुसऱ्याला आरसा दाखवणाऱ्याने आपले तोंडही त्यात पाहिले पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आले. केंद्रात बौद्धांना हा हक्क मिळायला १९९० उजाडावे लागले. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेला दलित आजही बाहेर आहे. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात ढकलले आहे. याचा अर्थ समजून घ्या. या जिल्ह्याने २०१३ ची सोनई पाहिली, २०१४ चे खर्डा पाहिले. उद्या एखाद्या वस्तीवर हल्ला झाला, तर मारणारा बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही, तो महार म्हणून, मांग म्हणून मारतो. पण फिर्याद लिहिताना ठाणे अंमलदार कागद पाहतो. बौद्ध भावाला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, शेजारच्या ख्रिस्ती भावाला होत नाही. मार एकच, कायदा वेगळा!

रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. या प्रश्नावर आमच्यातले काही जण कुजबुजतात, 'वाटेकरी वाढतील.' बांधवांनो, १९५६ पासून १९९० पर्यंत चौतीस वर्षे केंद्राच्या दारात आपण उभे होतो, तेव्हा आतले लोकही हेच म्हणत होते. आपण आत आलो आणि आता आपणच दाराला कडी घालायची? वाटेकरी वाढले तर वाटा वाढवून मागा. आर्थिक दुर्बलांना १० टक्के देताना पन्नास टक्क्यांची मर्यादा कुणाला आडवी आली नाही. आणि ख्रिस्ती भावाला 'दूध पावडरचा ख्रिश्चन' म्हणून हिणवण्याची सवय आधी सोडा. हा शब्द आपल्याला ज्यांनी शिकवला, तेच कालपर्यंत आपल्यालाही बाटगे म्हणत होते.

म्हणून नगरच्या मांडवात नवा बिशप उभा राहील आणि मंडळी वाढवा म्हणेल, तेव्हा त्याच्यापुढे तीन वह्या ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली बाप्तिस्म्याची, ती तर चर्च जपतेच. दुसरी शाळेची : मिशनच्या शाळा-कॉलेजात आज वस्तीतली किती पोरे शिकतात, आणि फी भरू न शकल्यामुळे किती दारातून परत जातात? मिशनच्या जमिनींवर बिल्डरांची नजर आहे. त्या जमिनींचा पहिला धनी हा वस्तीतला गरीब ख्रिस्ती आहे की नाही? तिसरी वही अन्यायाची : धर्मप्रांतातल्या गावांत किती अत्याचार झाले, किती ठिकाणी पाळक पोलीस ठाण्याची पायरी चढला, किती मोर्च्यांत बिशपाची काठी दिसली? आणि या वहीच्या शेवटच्या पानावर एक नोंद आवर्जून करावी, महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात यंदा किती सोयरिकी झाल्या.

पहिल्या वहीतले आकडे वाढले आणि बाकीच्या दोन कोऱ्या राहिल्या, तर ती खानेसुमारी झाली. तिन्ही वह्या भरल्या, तर त्या वाढीला सलाम करायला आम्ही मांडवाच्या कडेला थांबणार नाही, आत येऊन पहिल्या रांगेत बसू. आणि हाच हिशेब आम्ही आमच्या विहारालाही लावू. दर वर्षी दीक्षेचे आकडे आम्हीही मोठ्या अक्षरांत छापतो. शाळेची आणि अन्यायाची वही आमच्या किती विहारांत आहे?

मिरीच्या त्या महारवाड्याची वाटणी देवाच्या नावाने झाली. काही घरांत क्रूस आहे, काही घरांत बुद्धाची मूर्ती आहे. दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांना गावाच्या विहिरीवरची ती एकच जुनी हकीकत आठवते. त्या हकिकतीचा शेवट या दोन घरांनी मिळून करायचा आहे. नव्या बिशपाने त्यासाठी हात पुढे केला, तर आमचा हात तयार आहे.

जय भीम!