सर्वसाधारण सभा आणि सभासदांचा अधिकार

सहकारी मंडळीचा धनी कोण, हें भाग भरणाऱ्या शेतकऱ्यानें कधींहि विसरूं नये. आपल्या जिल्ह्यांत लोणी येथें कै. विठ्ठलराव विखे पाटील यांनीं गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांचे भाग जमविले, प्रा. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेचा कारखाना सुरू झाला. त्या भांडवलाचे धनी सभासद होते. संचालक हे विश्वस्त.

आज मात्र कित्येक सभा ‘मंजूर, मंजूर’ अशा गजरांत अर्ध्या तासांत आटोपतात. कोणी हिशेब विचारावयास उठला, तर ‘वेळ नाहीं’ म्हणून त्यास खालीं बसवितात. हा कारभार कायद्यास धरून नाहीं.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ प्रमाणें संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची आहे. भाग एक असो वा शंभर, कलम २७ नें मत एकच. कलम ३२ अन्वयें ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभेचीं व संचालक मंडळाचीं इतिवृत्तें कचेरीच्या वेळांत विनामूल्य पाहतां येतात. एकपंचमांश सभासदांनीं लेखी मागणी केल्यास कलम ७६ प्रमाणें एका महिन्याच्या आंत विशेष सभा बोलाविलीच पाहिजे. न बोलाविल्यास निबंधकास ती बोलावितां येते.

सबब वार्षिक सभेपूर्वीं कचेरींत जाऊन हिशेब वाचावा, प्रश्न लेखी देऊन पोंच घ्यावी, आणि विरोध असल्यास तो इतिवृत्तांत नोंदवावयास लावावा. राखणदार ठेवला म्हणून कोणी शेताकडे पाठ फिरवीत नाहीं.