गिटार, विद्युत्

तारेच्या कंपनाचे विद्युत् संकेतात रूपांतर करून तो विवर्धकाच्या साहाय्याने ऐकविणारे तंतुवाद्य. त्याचा पहिला यशस्वी नमुना १९३१ मध्ये अमेरिकेतील लॉस अँजेल्स येथे तयार झाला.

ताणलेली तार बारीक असल्यामुळे हवेला पुरेशी हलवू शकत नाही व तिचा आवाज क्षीण राहतो. म्हणून बहुतेक तंतुवाद्यांत तिचे कंपन एखाद्या रुंद पृष्ठभागाकडे नेलेले असते. नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या रेणुकादेवीच्या गोंधळात वाजणारे तुणतुणे हे याचे साधे उदाहरण होय. त्याची तार तळाच्या चामड्यात अडकविलेली असते. तार छेडली की चामडे थरथरते आणि नळकांड्यातील हवा कंप पावते. तंबोऱ्यात हे काम भोपळा व तबली करतात, साध्या गिटारीत लाकडी पेटी करते. दिवाणखान्यात एवढा आवाज पुरतो. परंतु १९२० नंतरच्या दशकात अमेरिकन नृत्यगृहांतील ट्रंपेट, सॅक्सोफोन व ढोल यांच्या गलबल्यात गिटार ऐकूच येईनाशी झाली. पेटी मोठी करणे, तिच्यात धातूचे शंकू बसविणे हे उपाय अपुरे ठरले.

जॉर्ज बीचम हा हवाई पद्धतीची गिटार वाजवीत असे. या पद्धतीत वाद्य मांडीवर आडवे ठेवून पोलादी कांब तारांवरून सरकवितात. लॉइड लोअर याने १९२० नंतरच्या दशकात विद्युतीकरणाचे प्रयोग केले होते. ते मुख्यतः वाद्याच्या अंगाचे कंपन टिपण्याच्या दिशेने होते. बीचमने लाकूड वगळून थेट तारेलाच हात घातला आणि त्याचे खरे श्रेय याच कल्पनेत आहे. चुंबक व त्याच्या क्षेत्रातील तारेचे वेटोळे अशी त्याच्या साधनाची रचना असून त्यास पिकअप म्हणतात. वेटोळ्यात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युत् चुंबकीय प्रवर्तन ते हेच. तार सेकंदाला ११० वेळा कंप पावली, तर विद्युत् दाबही त्याच गतीने मागेपुढे होतो. हा दाब अतिशय अल्प असतो; विवर्धक तो वाढवितो व ध्वनिक्षेपक त्याचा पुन्हा ध्वनी करतो. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांवर हे साधन चालत नाही, हे ओघानेच आले.

पहिला नमुना लाकडी होता. १९३२ मध्ये ॲडॉल्फ रिकनबॅकर याच्या सहकार्याने ॲल्युमिनियमचे वाद्य विक्रीस आले. गोल अंग व लांब दांडा यांमुळे त्यास ‘फ्राइंग पॅन’ हे नाव पडले. पेटंटसाठी १९३४ मध्ये केलेला अर्ज १९३७ मध्ये मंजूर झाला. तोवर इतरांची विद्युत् गिटार बाजारात आली होती. गिब्सन कंपनीचे ‘ईएस-१५०’ हे प्रतिरूप १९३६ चे आहे.

पिकअप थेट तारेचे कंपन टिपत असल्याने पोकळ पेटीची गरज उरली नाही. उलट, पोकळ पेटी ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने स्वतःच थरथरू लागे व कर्कश शीळ उमटे. म्हणून भरीव लाकडाची गिटार पुढे आली. लिओ फेंडर याने १९५० मध्ये तिचे कारखानी उत्पादन सुरू केले.

भारतात प्रथम हवाई पद्धत रुजली, कारण सरकत्या कांबीने मींड सहज घेता येते. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या विद्युत् गिटारीवरील ध्वनिमुद्रिकांनी नाव मिळविले.

महाराष्ट्रात मात्र या तंत्राचा अधिक नवलाचा प्रवास बेंजोच्या रूपाने झाला. हा अमेरिकन बँजो नव्हे. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता याने १९१२ मध्ये बनविलेले, बटणे दाबून वाजविण्याचे ताइशोगोतो हे वाद्य भारतात बुलबुलतरंग झाले. घरगुती, नाजूक आवाजाच्या या वाद्याला पिकअप जोडताच ते रस्त्यावर आले. मुंबई-कोकणापासून मराठवाड्यापर्यंत वराती व गणेशोत्सवाच्या मिरवणुका यांत ढोल-ताशाच्या वर त्याचे सूर उमटतात. विवर्धक, कर्णे व वीजजनित्र मागोमाग गाडीवरून चालत असतात.