‘हा स्कॅनर बहिरा आहे’ : हौशी लोकांच्या मतांचं संशोधनात काय करायचं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जवळजवळ चार महिने चुकीच्या प्रश्नामागे धावत होतो. चूक गणितात नव्हती. लोकांची मतं कशी वाचायची, तिथे होती. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहीत असतील आणि त्यात ‘वापरणाऱ्यांचे अभिप्राय’ असा एक परिच्छेद टाकायचा म्हणून टाकत असतील. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

आधी यंत्राची ओळख. रेडिओ स्कॅनर म्हणजे असा रेडिओ, जो एका स्टेशनवर बसून राहत नाही. त्याला आपण फ्रिक्वेन्सींची यादी द्यायची. तो एकेक तपासत पुढे जातो, कुणी बोलत असेल तिथे थांबतो, बोलणं संपलं की पुन्हा चालू लागतो. अमेरिकेत पोलीस, अग्निशमन दल, रेल्वे, विमानतळ यांचं बोलणं ऐकण्याचा हा छंद कित्येक दशकं जुना आहे. सुरुवातीच्या स्कॅनरमध्ये प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा क्रिस्टल विकत आणून बसवावा लागे. आठ-दहा क्रिस्टल बसले की डबा भरला! पुढे बटणांनी फ्रिक्वेन्सी भरता येणारे स्कॅनर आले आणि छंद फोफावला. आपल्याकडे तो रुजला नाही, कारण १९३३ च्या बिनतारी यंत्रांच्या कायद्यापासून असं यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागत आला आहे. तेव्हा हे वाचून कुणी एखादा मागवायला जाऊ नका. आपल्याला यंत्र नको आहे, त्या लोकांची मतं हवी आहेत.

आणि मतं त्यांच्याकडे भरपूर! डिजिटल रिसीव्हर हा माझा विषय, त्यामुळे स्कॅनर वापरणाऱ्या अमेरिकन हौशी लोकांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेले अनुभव मी वाचायला घेतले. एक तक्रार सतत भेटायची. नवा डिजिटल स्कॅनर घेतला, महागडा घेतला, आणि आवाज तुटक येतो. शब्द मध्येच गिळले जातात, माणसाऐवजी रोबो पाण्याखाली बोलतोय असं वाटतं. पुढचं वाक्य ठरलेलं : ‘हा स्कॅनर बहिरा आहे.’ बहिरा म्हणजे क्षीण सिग्नल न पकडणारा, इंजिनिअरच्या भाषेत सेन्सिटिव्हिटी कमी असलेला.

मी काय केलं? एक तक्ता केला, त्यात ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा रकाना आखला आणि अशा सगळ्या तक्रारी त्यात टाकल्या. रकाना भरत गेला. मग सिनॉप्सिसमध्ये लिहून टाकलं की वापरणाऱ्यांची मुख्य अडचण सेन्सिटिव्हिटी आहे, म्हणून मी रिसीव्हरचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर सुधारणार. मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, “तक्रार करणाऱ्याच्या स्क्रीनवर सिग्नलच्या दांड्या किती होत्या रे?”

मी परत जाऊन तेच अनुभव पुन्हा वाचले. पुष्कळांनी ते लिहिलेलं होतं : दांड्या पूर्ण. टॉवर खिडकीतून दिसतो, दांड्या पूर्ण आहेत, तरी आवाज फाटतो. सिग्नल क्षीण असता तर दांड्या पूर्ण कशा असत्या? म्हणजे माझ्या उपायाचा पायाच खचलेला होता, आणि तो खचवणारी माहिती त्याच अभिप्रायांत, पुढच्याच ओळीत लिहिलेली होती. मी ‘बहिरा’ हे विशेषण उचललं आणि निरीक्षण तिथेच टाकून आलो.

मग खरं कारण काय? अमेरिकेतल्या अनेक शहरांत आणि काउंट्यांत पोलिसांची यंत्रणा पी२५ नावाच्या डिजिटल मानकावर चालते. फ्रिक्वेन्सी मोजक्या आणि प्रदेश मोठा. म्हणून अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी, तेच बोलणं प्रक्षेपित करतात. याला सायमलकास्ट म्हणतात. देवळातल्या कीर्तनाचे चार कर्णे गावाच्या चार कोपऱ्यांत लावलेले आठवा. एका कर्ण्याजवळ उभं राहिलं तर शब्द स्वच्छ. दोन कर्ण्यांच्या मध्ये उभं राहिलं तर आवाज मोठा येतो, पण शब्द एकमेकांवर चढतात. तिथे कान तपासून काही उपयोग नाही.

हेच आकड्यांत बघू. पी२५ च्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला ४८०० चिन्हं जातात, म्हणजे एक चिन्ह साधारण २०८ मायक्रोसेकंदांचं. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. एक टॉवर दुसऱ्यापेक्षा १० किलोमीटर लांब असेल, तर त्याची प्रत सुमारे ३३ मायक्रोसेकंद उशिरा पोचते, चिन्हाच्या जवळपास सहाव्या भागाइतकी. दोन प्रती सारख्याच जोराच्या असतील तर त्या कधी एकमेकींत मिसळून वाढतात, तर कधी एकमेकींना खाऊन टाकतात. जुन्या घडणीचा स्कॅनर फक्त फ्रिक्वेन्सी किती वर-खाली झाली एवढंच बघतो. सिग्नलची उंची तो फेकून देतो, कारण एफएममध्ये तिची गरज नसते. पण प्रती एकमेकींना खातात त्या क्षणी उंची कोसळते आणि फेज उडी मारते. स्कॅनर त्या उडीलाच माहिती समजतो आणि चुकीचं चिन्ह वाचतो. त्यातून भर म्हणजे अनेक सायमलकास्ट यंत्रणांत मॉड्युलेशनच असं असतं की फेजबरोबर उंचीही बदलत असते. जो रिसीव्हर उंची टाकून देतो, त्याला उरलेल्यावर भागवावं लागतं.

आता हौशी लोकांचे उपाय बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. अँटेना काढून टाका. अँटेनाच्या जागी कागदाची पिन लावा. सिग्नल मुद्दाम कमी करणारं अ‍ॅटेन्युएटरचं बटण दाबा. स्कॅनर खिडकीतून उचलून जमिनीवर ठेवा. एकाच दिशेला बघणारी यागी अँटेना लावा. बहिऱ्या माणसाच्या कानात कुणी बोळा घालत नाही. तरी हे उपाय काही ठिकाणी चालायचे, आणि माणसं चक्रावून लिहायची की अँटेना काढली तर आवाज सुधारला, हे कसं? उत्तर सरळ आहे. दुसऱ्या टॉवरची प्रत दबली की एकच प्रत वरचढ उरते आणि गोंधळ मिटतो. शेजारच्या घरात मात्र तोच उपाय फसायचा, कारण तिथे टॉवरांची अंतरं वेगळी.

म्हणजे या लोकांकडे काय काय होतं ते मोजा. लक्षण होतं : आवाज फाटतो. परिस्थिती होती : दांड्या पूर्ण, जागा बदलली की फरक. तुलना होती : त्याच जागी पोलिसाच्या हातातला रेडिओ स्वच्छ बोलतो. शिवाय एक प्रयोगही होता : सिग्नल कमी केला तर सुधारतो. एखाद्या शोधनिबंधाला पुरेल इतकी सामग्री! चुकलं होतं ते फक्त त्यावर लावलेलं नाव. आणि तेही सगळ्यांचं चुकलं नव्हतं. त्यांच्यात रेडिओच्या क्षेत्रात काम केलेली माणसं होती. ती सांगत होती की हा सेन्सिटिव्हिटीचा प्रश्न नाही, सायमलकास्टचा आहे. माझ्या तक्त्यात त्यांना रकानाच नव्हता, म्हणून ती ‘इतर’मध्ये गेली. तुमच्या तक्त्यातला ‘इतर’ फुगायला लागला तर त्याकडे जरूर बघा.

एरिक फॉन हिपेल यांनी १९८६ साली ‘लीड युजर’ ही कल्पना मांडली, ती इथे उपयोगी पडते. बाजारातल्या बहुसंख्य लोकांना जी गरज पुढे भासणार असते, ती काहींना आधीच भासते, आणि गरज तीव्र असल्याने ते स्वतःच काहीतरी जुगाड करून बसतात. कागदाची पिन हा तसाच जुगाड. आणखी एक उदाहरण : युनिकेशन कंपनीचे जी४ आणि जी५ हे पेजर. ते बनवले अग्निशमन दलासारख्या सेवांतल्या लोकांसाठी, स्कॅनर म्हणून नव्हे. तरी हौशी लोक ते घेत होते, कारण सायमलकास्टमध्ये त्यांचा आवाज स्वच्छ येतो. माणूस स्वतःच्या खिशातून पैसे घालून, स्कॅनरच्या बऱ्याच सोयी सोडून, वेगळंच यंत्र घेतो, तेव्हा त्या कृतीला दहा विशेषणांपेक्षा जास्त वजन द्या. २०१८ मध्ये युनिडेनचा एसडीएस१०० आला. त्यात सिग्नलची उंची आणि फेज दोन्ही जपणारा सॉफ्टवेअर रेडिओ होता. सायमलकास्टच्या तक्रारीवर हातात धरायच्या स्कॅनरमध्ये आलेलं हे थेट उत्तर. अ‍ॅम्प्लिफायर बदलून ते मिळालं नव्हतं, हे मला आजही टोचतं.

सगळीच मतं इतकी उकलता येत नाहीत. रेडिओ शॅकने ‘रिअ‍ॅलिस्टिक’ या नावाखाली विकलेला प्रो-२००४ घ्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातला हा टेबलावरचा स्कॅनर. त्याला आजवरचा सर्वोत्तम म्हणणारे लोक अजून सापडतात. तो रिसीव्हर चांगला होता यात वाद नाही. पण त्या काळचे मोबाइल फोन अ‍ॅनालॉग होते आणि त्यांचं बोलणं स्कॅनरवर ऐकू यायचं. १९८६ च्या अमेरिकन कायद्याने ते ऐकणं बेकायदा ठरवलं. प्रो-२००४ मध्ये तो पट्टा कारखान्यातच बंद केलेला असे, पण आतला एक डायोड कापला की उघडे. एप्रिल १९९४ पासून तर तो पट्टा पकडणारे किंवा सहज तसे करता येणारे स्कॅनर बनवण्यावरच बंदी आली. मग आज कुणी प्रो-२००४ चं कौतुक करतो तेव्हा तो कशाचं कौतुक करत असतो? रिसीव्हरचं, की पुढे कुठल्याच स्कॅनरमध्ये कायदेशीरपणे न मिळालेल्या एका पट्ट्याचं? त्यात आज चालू असलेले नग हे टिकलेले नग आहेत. बिघडून भंगारात गेलेल्यांबद्दल कुणी लिहीत बसत नाही. असं मत मी तक्त्यात ठेवतो, पण त्यावर निष्कर्ष उभारत नाही.

मेमरीच्या रचनेवरचे वाद आणखी वेगळे. जुन्या स्कॅनरमध्ये ‘बँका’ असत. प्रो-२००६ मध्ये दहा बँका आणि प्रत्येकीत चाळीस चॅनेल, एकूण ४००. ही रचना मिसळणाच्या डब्यासारखी : वाट्या ठरलेल्या, मोहरी संपली तरी वाटी तिथेच, आणि आठवा जिन्नस आला तर डब्यात जागा नाही. पुढे युनिडेनच्या बीसीडी३९६टी सारख्या स्कॅनरमध्ये सिस्टीम, तिच्यात गट, गटात चॅनेल अशी हवी तेवढी वाढणारी रचना आली. २०१० च्या होमपॅट्रोल-१ मध्ये तर नुसता झिप कोड टाकला की त्या भागातल्या यंत्रणा ऐकू येतात. यातली कुठली सोपी? बँकांवर वाढलेला माणूस म्हणतो नवी रचना डोकं फिरवणारी आहे, आणि जो थेट झिप कोडपासून सुरू झाला त्याला बँका कळतच नाहीत. दोघंही खरं सांगतायत. इथे मतासोबत ‘आधी कुठला स्कॅनर वापरलात?’ हे माहीत नसेल तर ते मत अपुरं आहे. प्रश्नावली करणार असाल तर हा प्रश्न पहिल्या पानावर घ्या. शेवटच्या पानावर पोचेपर्यंत लोक कंटाळलेले असतात.

आता माझा तक्ता चार रकान्यांचा आहे : काय दिसलं किंवा ऐकू आलं, कुठे आणि कोणत्या स्थितीत, कशाच्या तुलनेत, आणि माणसाने त्याचं काय कारण दिलं. चौथा रकाना भरतो, पण सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या रंगात. एक अभिप्राय असा फोडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. सुरुवातीला जीव जातो, आणि बऱ्याचदा दुसरा-तिसरा रकाना रिकामाच राहतो. रिकामा राहू द्यायचा. अंदाजाने भरायचा नाही.

सरावाला एक तक्रार देतो. एसडीएस१०० बद्दल अनेकांनी म्हटलंय की तो गरम होतो आणि बॅटरी लवकर संपते. चार रकाने आखा. पहिला लगेच भरेल. तिसऱ्यात बहुधा त्यांचा जुना, साध्या स्क्रीनचा स्कॅनर लपलेला असेल. चौथ्यात कुणी रंगीत स्क्रीनला दोष देईल, कुणी आतल्या प्रोसेसरला. या दोन कारणांपैकी कुठलं खरं, हे ठरवायला तुम्ही नेमकं काय बंद कराल, काय चालू ठेवाल आणि काय मोजाल, ते पाच ओळींत लिहून बघा.