आधी कोण उठणार?

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. अशा ग्रुपमध्ये असो वा एकट्याने, लिनक्स शिकणाऱ्या प्रत्येकाने सर्व्हर उठतो कसा, हे मुळातून समजून घ्यायलाच हवं. जुन्या ‘सिस्टिम फाइव्ह’ पद्धतीत सेवांना क्रमांक असत आणि त्या रांगेने एकामागून एक सुरू होत. २०१० मध्ये आलेल्या ‘सिस्टमडी’ या नव्या पद्धतीने क्रमांकांऐवजी सेवांमधली नाती लिहायला लावली.

नवखे अडखळतात ते इथेच. एका सेवेत दुसरीचं नाव ‘रिक्वायर्स’पुढे लिहिलं, म्हणजे ती दुसरी सेवा हवीच. पण ती आधी उठेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. नुसतं तेवढंच लिहिलं तर दोन्ही एकदम सुरू होतात. क्रमासाठी ‘आफ्टर’ वेगळं लिहावं लागतं. साताऱ्यातल्या एखाद्या पतसंस्थेत वीज जाऊन आली, की डेटाबेस जागा होण्याआधीच वेब सेवा त्याचं दार ठोठावते, ती या चुकीमुळे.

‘आफ्टर’ लिहूनही एक फट उरते: प्रक्रिया सुरू होणं वेगळं, जोडणी घ्यायला तयार होणं वेगळं. ‘मी तयार आहे’ हा निरोप सेवेनेच द्यायचा, ही ‘नोटिफाय’ची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. सुरुवातीला वेळ कुठे गेला, ते ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन’ ही आज्ञा दाखवते.