पुठ्ठ्याच्या तुकड्याचे मोल

सांगलीच्या हळदीच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या अडतीचा व्यवसाय करणाऱ्या, आमच्या परिचयातील एका गृहस्थांना ऐन दिवाळीत न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. वहीपूजन नुकतेच आटोपले होते. "मामा, एक वस्तू घ्यायची मनात आहे. पंचवीस हजार डॉलर मागतात. तुमचे मत हवे होते." मामांना वाटले, मोटार असावी. वस्तू निघाली पत्त्यापेक्षा किंचित मोठा, कोपरे झिजलेला, मधोमध घडीची खूण असलेला पुठ्ठ्याचा तुकडा. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले, मिकी मॅन्टल या बेसबॉलपटूचे रंगीत चित्र असलेले कार्ड.

मामा हसले नाहीत. ज्या मालाला गिऱ्हाईक आहे त्याला हसू नये, हा पेठेचा जुना संस्कार. "हे इतके महाग का, ते आधी समजावून सांग," एवढेच ते म्हणाले.

अमेरिकेत खेळाडूंची चित्रे प्रथम सिगारेटच्या पाकिटांतून आणि पुढे च्युइंगमच्या पुड्यांतून मुलांच्या हाती पडली. टॉप्सचा १९५२ चा संच ४०७ कार्डांचा होता. त्याचा शेवटचा भाग बाजारात आला तोवर बेसबॉलचा हंगाम सरत आला होता, म्हणून माल पडून राहिला. १९६० साली कंपनीने गोदाम रिकामे करण्यासाठी त्या भागाची उरलेली खोकी पडावात भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडवली. मॅन्टलचे ३११ क्रमांकाचे कार्ड त्याच शेवटच्या भागातले. जो माल कोणी घेईना, तोच पुढे दुर्मीळ ठरला. या कार्डाची जवळजवळ निर्दोष राहिलेली एक प्रत १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतली गेली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली.

मामांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. एकतीस वर्षांत अडीचशे पट, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण साडेएकोणीस टक्के. "परतावा उत्तम आहे; पण ती प्रत कोणती आणि तुझी कोणती?"

सगळी मेख इथेच आहे. कार्डांची तपासणी करणाऱ्या संस्था त्यांना १ ते १० अशी श्रेणी देऊन पारदर्शक डबीत कायमचे बंद करतात. विक्रमी किमतीच्या प्रतीची श्रेणी ९.५ होती, भाच्यासमोर होती ती १ श्रेणीची. चित्र तेच, साल तेच. परंतु एकाची किंमत कोटीत आणि दुसऱ्याची हजारांत. पेठेत हळकुंड मोडून आतला रंग पाहता येतो. इथे डबी फोडली की श्रेणी गेली, त्यामुळे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे आले. आणि तो शब्दही कधी फसवा निघतो. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या १९०९ ते १९११ या काळातील संचामधील होनस वॅग्नरचे कार्ड या छंदात सर्वांत मानाचे समजले जाते. त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रत पीएसए या संस्थेने तपासलेली पहिलीच होती आणि तिला ८ श्रेणी मिळाली होती. त्या कार्डाच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या, अशी कबुली एका लिलावगृहाच्या माजी प्रमुखाने २०१३ मध्ये दिली.

मामांचा दुसरा प्रश्न सुटण्याच्या खर्चाचा होता. "घेतलेस आणि उद्या विकावे लागले, तर हाती काय पडेल?" लिलावगृहे बोलीवर साधारण वीस टक्के खरेदीदाराकडून वर घेतात. पुढच्या खरेदीदाराने सर्व मिळून पंचवीस हजारच मोजले, तर बोली सुमारे २० हजार ८०० ची ठरते; विक्रेत्याची दलाली असल्यास तीही त्यातून जाते. भाव न पडताही सहावा हिस्सा गेला. नफा झालाच, तर संग्राह्य वस्तूंवरील दीर्घकालीन नफ्याला तिथे २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागतो. शेअरवर ही कमाल मर्यादा २० टक्के आहे. कार्डाला व्याज नाही, भाडे नाही, लाभांश नाही. विमा मात्र आहे. शिवाय भाव पडतोही. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे १९८६ चे सर्वोच्च श्रेणीचे कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरला गेले आणि काही महिन्यांतच त्याची किंमत याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आली.

भाचा हे सारे जाणून होता. तरी तो म्हणाला, "मामा, तळघरातली बाबांची खोकी आठवतात ना?"

मामांना आठवत होती. दाजींचे न्यू जर्सीत वर्तमानपत्रांचे छोटे दुकान होते. १९९० च्या सुमारास तिथे कार्डांचे वेडच पसरले होते. जुन्या कार्डांना हजारो डॉलर येतात हे पाहून लोक नवी खोकी न फोडता साठवू लागले. दाजींनीही मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून खोक्यांवर खोकी रचली. पण कंपन्यांनी तेव्हा अफाट माल छापला आणि सर्वांनीच तो जपून ठेवला. जुनी कार्डे दुर्मीळ झाली होती, कारण त्यांना कोणी जपले नव्हते. दाजींची खोकी आज घेतल्या किमतीलाही जड आहेत. मुलाचे शिक्षण झाले ते वडिलांनी दुकानात दोन पाळ्या उभे राहून कमावलेल्या पैशावर. खोक्यांविषयी ते शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

फोनवर काही क्षण शांतता होती. मग मामा म्हणाले, "तू मॅन्टलचे कार्ड घेत नाहीस. दाजींचा तोटा भरून काढायला निघाला आहेस. तो तोटा त्यांनी स्वतःच फेडला आहे. त्याची बाकी तुझ्या वहीत ओढू नकोस."

नंतर त्यांनी भाच्याला जो मार्ग सांगितला, तो अशा कोणत्याही महाग हौशीला लागू पडावा. रक्कम खर्चाच्या बाजूला लिहावी, मालमत्तेच्या नव्हे. उद्या तिची किंमत शून्य झाली, तरी घराचा हप्ता, मुलीचे शिक्षण आणि वर्षभराची गंगाजळी यांना धक्का लागत नसेल, तर खुशाल घ्यावी. हौसेलाही आयुष्यात जागा आहे. पण "पुढे भाव येईल" ही सबब पत्नीला किंवा स्वतःला सांगावी लागत असेल, तर थांबावे. कमाल बोली आदल्या दिवशी कागदावर लिहावी आणि त्या कागदावर घरातील दुसऱ्या माणसाचीही सही घ्यावी.

भाच्याने पत्नीसमवेत बसून कागद लिहिला. दोघांच्या संमतीने आलेला आकडा नऊ हजारांचा होता. ते कार्ड दुसऱ्या कोणी घेतले. नऊ हजारांत बसणारे, मॅन्टलचेच पण पुढच्या एखाद्या वर्षाचे कार्ड तो सध्या शोधतो आहे. घाई नाही, असे म्हणतो.

त्याच आठवड्यात त्याने वडिलांच्या खोक्यातली एक पुडी लेकीच्या हाती दिली आणि फोडायला सांगितले. आतले च्युइंगम दगडासारखे कडक झाले होते आणि एका कार्डाला चिकटले होते. बाकीची चौदा-पंधरा कार्डे तिने जमिनीवर ओळीने मांडली आणि विचारले, "आजोबांनी ही माझ्यासाठी ठेवली होती?"

भाच्याने हो म्हटले.