आधी घर की आधी गाडी?

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. गावात रेल्वे नाही. मुंबई गाठायची तर परतूरला किंवा जालन्याला जाऊन देवगिरी एक्स्प्रेस धरावी लागते. मुंबईच्या आधी कल्याण येते आणि कामधंद्यासाठी निघालेल्या माणसाचा खरा प्रश्न तिथेच उभा राहतो. काम मुंबईत, पण बिऱ्हाड कुठे करायचे? जिथले भाडे परवडेल आणि जिथून लोकल मिळेल तिथे. महानगराची वाढ ही अशा लाखो उत्तरांची बेरीज असते.

ही बेरीज जनगणनेत दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरली. त्याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची संख्या ८१ लाखांवरून ११० लाखांवर गेली. नोकऱ्यांचा मोठा भाग दक्षिणेकडे राहिला आणि परवडणारी घरे उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकत गेली. म्हणून लोकलच्या डब्यातली गर्दी हा रेल्वेइतकाच घरांच्या भावाचाही हिशेब आहे.

हे नाते जुने आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १९२५ साली विजेवरची लोकल आली. गाडी जसजशी वारंवार धावू लागली, तसतशी स्थानकाभोवती वस्ती दाटत गेली. गाडी माणसे आणते, माणसे वाढली की आणखी गाड्या लागतात, असे हे चक्र आहे.

चक्र उलटे फिरवले तर काय होते, हे नवी मुंबईत पाहायला मिळाले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली वाशीचा खाडीपूल खुला झाला. मानखुर्द–वाशी लोकल मात्र १९९२ साली आली. तोवर घरे होती, पण मुंबईतल्या नोकरीशी त्यांना जोडणारा रूळ नव्हता. रूळ आला तो खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग सिडकोने उचलल्यावर. जमीन सिडकोच्या ताब्यात होती. गाडी आल्यावर तिचा भाव चढणार होता आणि त्या वाढीतूनच गाडीचा खर्च निघणार होता. अर्थात ही जमीन मुळात आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती. तिच्या मोबदल्यासाठी १९८४ साली जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, हे या हिशेबातून वगळता येत नाही.

आजच्या मेट्रोपुढचा प्रश्नही हाच आहे. पुण्यात २०२२ साली मेट्रो सुरू झाली. स्थानकापासून ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देण्याची तरतूद आहे. हेतू योग्य आहे, कारण चालत स्थानक गाठता आले तरच माणूस रोज गाडीने जातो. पण वाढीव मजल्यांवर फक्त महागडी घरे झाली, तर तिथे दोन-दोन मोटारी बाळगणारी कुटुंबे राहायला येतील. मेट्रोची खरी गरज असलेला माणूस भाडे न परवडल्याने आणखी दूर फेकला जाईल. इमारती वाढतील, प्रवासी त्या प्रमाणात वाढणार नाहीत.

म्हणून मार्गाचे यश किलोमीटरमध्ये मोजून भागणार नाही. त्या मार्गाने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना स्थानकाजवळ भाड्याची खोली परवडते, हे मोजावे लागेल. छोट्या घरांचा, भाड्याच्या घरांचा वाटा परवानगी देतानाच ठरवावा लागेल. जमिनीचा भाव एकदा चढला की तो ठरवणे कुणाच्याच हातात उरत नाही.

देवगिरीतून उतरलेल्या माणसाला आराखडा ठाऊक नसतो. त्याला दोनच आकडे कळतात : महिन्याचे भाडे आणि रोज प्रवासात जाणारे तास. शहराने हे दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडायला शिकले पाहिजे.